शिलाईत खिसा धरलेला आहे

ड्रेस शिवायला आलेल्या बाईचं माप घेऊन झालं, की मी शेवटी म्हणते, "आता फोन दाखवा." बऱ्याच जणी गोंधळतात. काही जणी नंबर सांगायला लागतात. मी त्यांचा फोन हातात घेते, त्यावर टेप धरते आणि वहीत छाती, कंबर, बाही, उंची यांच्याखाली आणखी एक माप लिहिते: खिसा. हल्लीचा फोन कव्हरसकट साडेसहा इंच तरी भरतो. म्हणजे खिशाची पिशवी नऊ इंच खोल हवी, नाहीतर गाडीवर मागे बसलं की फोन वर सरकतो आणि वाटेत कुठेतरी पडतो.

मी आंबीत राहते. इंद्रायणीकाठचं गाव, एका अंगाला तळेगाव, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. 22 वर्षं घराच्या ओटीवर मशीन मांडून शिवते आहे. भाताच्या खाचरात राबणाऱ्या बाया माझ्याकडे येतात, कंपनीत जाणाऱ्या मुली येतात, कॉलेजच्या होस्टेलवरच्या पोरी कुर्ती आत घ्यायला येतात. भिंतीवर दरपत्रक लावलंय. त्याच्या तळाला लाल खडूने एक ओळ लिहिली आहे: शिलाईत खिसा धरलेला आहे. ही ओळ लिहून सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत "मला खिसा नको" म्हणणाऱ्या बायका मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकते. पण आपणहून "खिसा लावा" म्हणणाऱ्याही तेवढ्याच. मागायची सवयच नाही, आणि म्हणून हा लेख लिहायला बसले.

आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, चंची अजून माझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे. त्यांनी स्वतः हाताने शिवलेली. बाहेरून खणाचं कापड, आतून मांजरपाटाचं अस्तर. दोरी सोडून उलगडली की चार कप्पे: पानाचा, सुपारीचा, तंबाखूचा आणि चुन्याच्या डबीचा. चुन्याच्या कप्प्यामागे पाचवा एक कप्पा आहे, तो शोधल्याशिवाय सापडत नाही. त्याचं तोंड वरच्या बाजूला नाही, आडव्या बाजूला आहे, आणि वरचं कापड त्या तोंडावर चांगलं दोन बोटं पुढे आलेलं आहे. चंची उलटी धरून झटकली तरी आतला रुपया पडत नाही. मी करून पाहिलंय. टाका धावदोऱ्याचाच, पण तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना त्यांनी दोरा सात-आठ वेळा फिरवून घेतलाय, कारण खिसा फाटतो तो नेहमी कोपऱ्यातून. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत की शिवणक्लासला. बाजारात भाजी विकून आलेला पैसा त्या पाचव्या कप्प्यात जायचा आणि चंची कमरेला खोचली जायची. घरात कुणाला काही लागलं, की आधी त्या कमरेकडे सगळ्यांचे डोळे जायचे.

नऊवारीला शिवलेला खिसा नसतो, पण नऊवारी नेसणारी बाई बिनखिशाची नव्हती. कमरेला कनवटी होती, पुढे ओचा होता, पदराच्या टोकाला गाठ होती. शेतावरून येताना ओच्यात शेंगा असायच्या, कनवटीला नाणी असायची आणि दोन्ही हात डोक्यावरच्या भाऱ्याला मोकळे असायचे. तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो लोकांकडून माणशी एकेक पैसा गोळा करून. तेव्हा आमच्या मावळातल्या एखाद्या बाईने त्यात पैसा घातला असेल तर तो कनवटी सोडूनच घातला असणार. पुढे आपण सहावारी धरली. मग गाऊन आला, पंजाबी ड्रेस आला, आता कुर्ती आणि लेगिंग. चालणं सोपं झालं, कपडा हलका झाला, धुणं कमी झालं, हे सगळं चांगलंच झालं. पण दर बदलात वस्तू ठेवायची एकेक जागा गेली. ओचा गेला, कनवटी गेली, लेगिंगच्या वेळी तर नाडीसुद्धा गेली. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण तोवर हातात पर्स आली होती.

पुरुषांचं याच्या उलट झालं. जुन्या बाराबंदीला, अंगरख्याला आजच्यासारखे खिसे नव्हते. पुरुषही पैसे कनवटीला बांधायचे नाहीतर कसा नावाच्या थैलीत ठेवायचे. मग कोट आला, सदरा आला, पँट आली आणि एकेका माणसाच्या अंगावर पाच-सहा खिसे झाले. खिसा हा शब्द फारसीतल्या 'कीसा'वरून आला, त्याचा अर्थ थैली. म्हणजे मुळात खिसा ही सुटी पिशवीच. विलायतेतही तसंच होतं. तिथल्या बायका सतराव्या-अठराव्या शतकात घागऱ्याखाली कमरेला नाडीने बांधलेल्या कापडी थैल्या वापरायच्या. अठरावं शतक संपता संपता अंगाला सरळ, तलम झगे आले, त्यांच्याखाली थैली मावेना, आणि बायकांच्या हातात छोटी पर्स आली. हे वाचलं तेव्हा मी उठून आत्याबाईंची चंची काढून पाहिली. तीच थैली पुरुषाच्या कपड्याला कायमची शिवली गेली आणि बाईच्या कपड्यावरून काढून तिच्या हातात दिली गेली.

हातात दिली म्हणजे काय, हे पर्स वागवणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. लावणीला खाचरात उतरताना पर्स बांधावर ठेवावी लागते. एकवीरेला कार्ल्याचा डोंगर चढताना एक हात लेकराला, दुसरा पर्सला. लोकलच्या गर्दीत ती छातीशी कवटाळून उभं राहायचं. म्हणून मग आपण पैसे आणि फोन ब्लाऊजमध्ये ठेवायला लागलो. मीही ठेवत होते. एका आषाढात वाकून आवण लावताना माझा फोन असाच प्लास्टिकच्या पिशवीसकट चिखलात गेला आणि मेला. पण फोनचं सोडा. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांमध्ये बायका वाढल्या. कंडक्टर समोर उभा राहतो, सुटे मागतो, आणि चांगली पन्नाशीची बाई खिडकीकडे तोंड फिरवते, पदर पुढे ओढते, मान खाली घालून पैसे काढते. तिकीट तिच्या हक्काचं, पैसे तिच्या कष्टाचे, आणि ते काढायला तिला जगाकडे पाठ करावी लागते. हे मी दर वेळी पाहते आणि दर वेळी मला वाटतं, हा दोष आमचा आहे, शिवणाऱ्यांचा.

ती लाल खडूची ओळ भिंतीवर आली ती माझ्या लेकीमुळे. ती आठवीत होती. एक दिवस शाळेतून आली ती गप्प गप्प. कमीजच्या मागे डाग होता, ओढणी कमरेला बांधलेली. मी म्हटलं, "अगं, दप्तरात पॅड ठेवलं होतं ना?" तर म्हणाली, "होतं की. पण तास चालू असताना दप्तर घेऊन बाथरूमला कसं जाऊ? आणि हातात घेऊन सगळ्यांसमोरून कशी जाऊ?" दोन तास ती बाकावर तशीच बसून राहिली होती. तिच्या शेजारच्या रांगेतल्या मुलांच्या पँटीला दोन बाजूंना दोन खिसे आणि शर्टाला एक. त्यांच्या खिशात गोट्या होत्या, चिंचोके होते. माझी लेक शिंप्याच्या घरची, आणि तिच्या अंगावर पॅड ठेवायला बोटभर जागा नव्हती. तो गणवेश मीच शिवला होता.

त्या रात्री मी कमीजची उजवी शिलाई उसवली आणि खिसा लावला. दोन्ही गणवेशांना लावला. पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या चार मुली कमीज पिशवीत घालून माझ्या ओटीवर उभ्या. त्यांच्या आयांनी पाठवलं नव्हतं, त्या आपल्या आपण आल्या होत्या.

खिसा का लावला नव्हता, याचा विचार मी पुष्कळ केला. उत्तर माझ्या शिवणक्लासच्या वहीत मिळालं. ब्राऊन पेपर कापून, चिकटवून केलेली ती जाडजूड वही मी जपून ठेवली आहे. त्यात झबलं आहे, फ्रॉक आहे, परकर, ब्लाऊज, सलवार-कमीज आहे. खिसा आहे फक्त पुरुषांच्या शर्टाच्या पानावर आणि पायजम्याच्या पानावर. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, हाताला वळण त्यांनीच लावलं. पण त्यांच्या वहीत नव्हतं ते माझ्या वहीत आलं नाही, आणि माझ्या वहीत नव्हतं ते गावातल्या मुलींच्या अंगावर आलं नाही.

काम अवघड आहे का? थोडं आहे, खोटं कशाला सांगू. कमीजला बाजूला कट असतो. कंबर आणि कट यांच्यामध्ये जेमतेम सहा इंच शिलाई मिळते आणि खिशाला तोंडच साडेपाच-सहा इंच लागतं. म्हणून कट दोन इंच खाली घ्यायचा. बाहीच्या बाजूला कापड उरतं त्यातून सात बाय अकराचे दोन तुकडे निघतात. ते चौकोनी न कापता कैरीच्या आकाराचे कापायचे आणि कैरीचं टोक पुढच्या भागाकडे, पोटाच्या दिशेला वळवायचं. सरळ खाली सोडली तर खिशाची पिशवी कटातून बाहेर डोकावते, तिथेच नव्या शिकणाऱ्या मुली चुकतात. कापड सॅटिनचं असेल तर खिशाला ते वापरायचं नाही. फोन घसरतो. तिथे सुती तुकडा लावायचा. तोंडाच्या कडेला आतून अर्ध्या इंचाची सुती पट्टी टाकायची, कारण 200 ग्रॅमचा फोन रोज लटकला की शिलाई ताणते आणि तोंड आ वासून बसतं. आणि दोन्ही कोपऱ्यांना तीन-तीन वेळा उलटी टीप. सराव झाला की हे सगळं 15 मिनिटांचं काम आहे.

कोपऱ्याची ही गोष्ट जगभर सारखीच आहे. 1870च्या सुमारास अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि नवऱ्याला न फाटणारी पँट शिवून मागितली. डेव्हिसने खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. त्याला कापड विकणारा व्यापारी होता लेव्ही स्ट्रॉस. दोघांनी मिळून 20 मे 1873 रोजी त्याचं पेटंट घेतलं आणि तिथून जीन्स जगभर गेली. माझं लक्ष मात्र त्या बाईकडे जातं. नवऱ्याच्या पँटीसाठी ती शिंप्याच्या दारात उभी राहिली. स्वतःच्या झग्यासाठी तिने काही मागितल्याचं त्या गोष्टीत कुठे येत नाही. आणि त्याच जीन्सचं बाईच्या वाट्याला काय आलं ते पाहा. 2018 साली 'द पुडिंग' या अमेरिकी नियतकालिकाने 20 ब्रँडच्या जीन्स टेप लावून मोजल्या. बायकांच्या जीन्सचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी 48 टक्के आखूड आणि साडेसहा टक्के अरुंद निघाला. लेकीने मला हे वाचून दाखवलं, तेव्हा तिच्या जीन्सच्या खिशात मी हात घातला. बोटांची पेरं बुडली आणि हात थांबला.

लोक म्हणतात, खिसा लावला की कपडा फुगतो, दिसायला बरं नाही. चुकीच्या जागी लावला तर फुगतो, खरं आहे. वर सांगितला तसा लावला तर रिकामा असताना कळतसुद्धा नाही. दुसरं ऐकू येतं ते आमच्याच धंद्यातल्या बायकांकडून: "खिशाचे वीस रुपये वेगळे घ्यायला काय हरकत आहे?" हरकत आहे. सदऱ्याच्या खिशाचे वेगळे पैसे कुठल्या शिंप्याने कधी मागितले का? नाही, कारण सदरा म्हटला की त्याला खिसा हे ठरलेलंच आहे. बाईने मात्र खिसा मागायचा, वर त्याचे पैसे द्यायचे. घर चालवणारी बाई असा पहिला खर्च स्वतःवरचाच वाचवते. "राहू दे, पर्स आहे," म्हणते. म्हणून मी तो शिलाईत धरला. ड्रेसमागे दहा रुपये सरसकट वाढवले आणि खिसा प्रत्येकीला दिला. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

परकराच्या खिशाचं गणित वेगळं. तोंड नेफ्याला लागूनच हवं, म्हणजे साडी खोचली आहे तिथूनच हात आत जातो. चार बोटं खाली गेलं की साडी वर उचलावी लागते आणि मग त्या खिशाचा उपयोग संपला. तोंडाला एक प्रेसबटण. दरवर्षी ज्येष्ठात वारीला निघणाऱ्या बाया माझ्याकडून असे परकर शिवून नेतात. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईचा एक हात सतत वर असतो. तिने पैसे कुठे ठेवायचे? पंढरपूर गाठेपर्यंतचे दिवस रस्त्यावर काढायचे असतात. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "पोरी, कमरेला पैसा लागतोय म्हणून झोप लागते गं."

पिशव्यांचं थोडक्यात सांगते. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि आमच्या भागातले बचत गट कापडी पिशव्या शिवायला लागले. चांगलं झालं, चार पैसे हातात आले. पण बहुतेक पिशव्या आतून मोकळ्या. चावी, सुटे, आधार कार्ड सगळं तळाला कांद्या-बटाट्यांखाली. बाजू जोडून झाल्यावर खिसा आठवला तर मशीनचा पाय आत जात नाही. म्हणून पिशवी बेततानाच खिसा बेतायचा. बाजू जोडायच्या आधी, कापड सपाट असताना, तोंडापासून तीन इंच खाली एक तुकडा शिवून टाकायचा आणि मध्ये एक उभी टीप मारून त्याचे दोन कप्पे करायचे. एकात फोन, एकात पैसे. कापड चिंध्यांतलं चालतं. अशी पिशवी बाजारात हातात घेतली की बाई आधी आत हात घालून पाहते. मी शेजारी उभी राहून पाहिलंय. खिसा लागला की ती भाव करत नाही.

आता खरं मागणं, आणि ते शाळांकडे आहे. 2024-25 साली राज्याने सरकारी शाळांतल्या मुलांसाठी एकसारखा गणवेश ठरवला आणि शिलाईचं काम महिला बचत गटांकडे दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात निर्णय बदलला आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. या समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात, असं 2009च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे मुंबईला अर्ज करायला नको की मंत्र्यांना भेटायला नको. गणवेशाचा ठराव लिहिताना एक ओळ वाढवायची: मुलींच्या कमीजला आणि स्कर्टला उजव्या बाजूला खिसा असावा. समितीतल्या आयांनो, तुम्ही सगळ्याजणी त्या वयातून गेलेल्या आहात. ती ओळ लिहायला तुम्हाला कुणाला विचारायची गरज नाही. खासगी शाळांचे गणवेश ठरवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आणि जिथे जिथे शिवणक्लास चालतात, विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम शिकवलं जातं, तिथल्या ताईंना हात जोडून विनंती: मुलींच्या ब्राऊन पेपरच्या वहीत सलवार-कमीजच्या पानावर खिसा काढून घ्या. वहीत आला की तो अंगावर येईल.

कुणी म्हणेल, सरकारने लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये घातले, अर्धं तिकीट दिलं, आता खिशाचं काय घेऊन बसलात? त्याचसाठी घेऊन बसले आहे. बँकेतून काढलेले ते पैसे बाई घरापर्यंत कुठे ठेवते, हे मला रोज दिसतं.

माझ्याकडे खिशाचा कागदी नमुना तयार आहे. मोठा सात बाय अकराचा, आणि शाळेच्या मुलींसाठी पाच बाय आठचा. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर कापून ठेवलेत, कड फाटू नये म्हणून भोवती चिकटपट्टी लावली आहे. मावळात गणवेश शिवणाऱ्या कुठल्याही बाईने यावं, तो कागदावर ठेवावा, पेन्सिल फिरवावी आणि घेऊन जावं. लेकीने पहिल्या खिशाच्या वेळी उसवलेला दोरा फेकू दिला नव्हता. तिने तो गुंडाळून चंचीच्या पाचव्या कप्प्यात ठेवलाय. नमुना न्यायला आलात तर तो कप्पाही दाखवीन. त्याचं आडवं तोंड कसं शिवलंय, ते हातात घेऊनच कळतं.